कुलवृत्तांतात न छापलेले पान

आपल्याकडे घराण्याचा इतिहास लिहिण्याची परंपरा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून घेतले. मूळ पुरुष कोण, तो कोकणातून देशावर केव्हा आला, कोणाला इनाम मिळाले, कोण मामलेदार झाला, हे सारे त्यांत तपशीलवार सापडते. मात्र एखाद्या नावापुढे ‘परागंदा’, ‘देशांतरास गेले’, ‘पुढील माहिती मिळत नाही’ अशी त्रोटक टीप असते आणि तेथे शाखा खुंटते. ज्या घराण्यांचे कुलवृत्तांत कधी निघालेच नाहीत, त्या गिरगावच्या वाड्यांतील, परळ-लालबागच्या चाळींतील घरांत ही टीप तोंडी असते. ‘ते मुंबईस गेले आणि मग काही कळले नाही’, एवढेच आजी सांगते आणि विषय बदलते.

परागंदा झालेला प्रत्येक पूर्वज काही तुरुंगात गेला नव्हता. पटकी, प्लेग, दुष्काळ, समुद्रप्रवास आणि संन्यास यांनीही माणसे नेली. परंतु काही जण गेले ते न्यायालयाच्या निकालाने. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, मुंबई इलाख्यातील ज्यांना शिक्षा झाली त्यांचे वंशज आज आपल्यातच राहतात. बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. ज्यांना कुणकुण आहे ते बोलत नाहीत. असा पूर्वज शोधायचा झाल्यास कोठून आरंभ करावा, कागद कोठे मिळतील आणि मिळालेला कागद कसा वाचावा, याचा हा थोडक्यात परिचय.

गुन्हा कोणता, हे आधी पाहावे

‘गुन्हेगार’ हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर खुनी अथवा दरोडेखोर उभा राहतो. एकोणिसाव्या शतकातील कायद्याचे जाळे मात्र फार बारीक विणीचे होते. भारतीय दंड संहिता १८६० मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या जोडीला अनेक विशेष कायदे होते. १८५९ च्या एका कायद्यानुसार, आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला वा मजुराला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करता येत असे आणि त्याची परिणती तुरुंगवासात होऊ शकत असे. आज जो वाद दिवाणी न्यायालयात जाईल, तो तेव्हा मजुराला कैदी बनवीत होता. १८७८ च्या वन कायद्याने सरपणाची मोळी गुन्ह्याच्या कक्षेत आणली. त्याच वर्षीच्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढण्यावर आणि विकण्यावर परवान्याचा पहारा बसविला. १८९० च्या मीठ कायद्याने कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला आपल्याच खाडीतले मीठ उचलणे महाग केले.

शहरातील एक उदाहरण तर मोठे गमतीचे आहे. पावसाळ्यात पायधुनीच्या परिसरात पावसावर पैजा लागत. ठरावीक वेळेत छपराच्या मोरीतून पाणी वाहील की नाही, यावर हजारो रुपये इकडचे तिकडे होत. जुगारबंदीचा कायदा १८८७ मध्ये झाला तरी पावसाचा हा सट्टा त्याच्या व्याख्येत बसत नव्हता. १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून त्याला बंदी करण्यात आली. म्हणजे १८८९ च्या पावसाळ्यात जो मनुष्य हौशी पैजबहाद्दर होता, तोच दोन वर्षांनी त्याच गोष्टीसाठी आरोपी ठरू शकत होता. माणूस तोच, पाऊसही तोच. बदलला तो कायदा.

प्लेगच्या काळातही असेच घडले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ चा साथरोग कायदा झाला आणि त्याखालील आदेश न मानणाऱ्याला दंड संहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा करण्याची तरतूद झाली. आजारी बायकोला इस्पितळात न पाठविता घरात लपवून ठेवणारा कामाठीपुऱ्यातील वा परळमधील गिरणी कामगार सरकारदप्तरी गुन्हेगार ठरू शकत होता. म्हणून पूर्वजाच्या नावापुढे शिक्षेची नोंद आढळली की प्रथम कलम पाहावे, वर्ष पाहावे आणि त्या वर्षी त्या कलमाचा अर्थ काय होता ते पाहावे. त्याआधी मनात कोणताही निवाडा करू नये.

न्यायालयांची उतरंड

मुंबई शहरात किरकोळ गुन्ह्यांचे खटले पोलीस न्यायालयांत चालत. गिरगाव, माझगाव आणि एस्प्लनेड येथील दंडाधिकाऱ्यांपुढे रोज सकाळी चोर, दारुडे, भांडखोर, जुगारी आणि परवाना नसलेले फेरीवाले उभे केले जात आणि बहुतेकांचा निकाल तेथल्या तेथे लागे. अशा खटल्यांचे मूळ कागद दीर्घकाळ जपण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे पूर्वजाला पाच रुपये दंड किंवा पंधरा दिवसांची कैद झाली असेल, तर न्यायालयाच्या दप्तरापेक्षा जुन्या वृत्तपत्रात तो सापडण्याची शक्यता अधिक.

गंभीर गुन्हे वरच्या न्यायालयात जात. शहरासाठी १८२४ पासून सर्वोच्च न्यायालय होते. १४ ऑगस्ट १८६२ रोजी त्याच्या जागी मुंबई उच्च न्यायालय आले. शहरातील सत्र खटले उच्च न्यायालयातच ज्यूरीपुढे चालत. ज्यूरीत युरोपियनांचे प्राबल्य असे. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा नऊ ज्यूररांपैकी सहा युरोपियनांनी ‘दोषी’ आणि तिघा हिंदी सदस्यांनी ‘निर्दोष’ असे मत दिले, हे सर्वश्रुत आहे. टिळकांच्या खटल्याला वकील होते, वृत्तपत्रे होती, लोकवर्गणी होती. त्याच सभागृहात यापैकी काहीही नसलेला, इंग्रजीतील कामकाज दुभाष्यामार्फत ऐकणारा माणूस उभा राहत असे, हे आपण विसरतो.

पूर्वजाचा गुन्हा शहराबाहेर, म्हणजे रत्नागिरी, सातारा, पुणे वा नगर जिल्ह्यात घडला असेल तर खटला तेथील सत्र न्यायाधीशांपुढे चाललेला असतो. लालबाग-परळच्या बहुतेक घरांची मुळे याच जिल्ह्यांत असल्याने शोधाचा एक पाय गावाकडे ठेवावाच लागतो. उदाहरणार्थ, १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. १२ मे रोजी सुपे येथे आरंभ झालेल्या या उठावात ९५१ जणांना अटक झाली आणि ५०१ जणांना शिक्षा झाली. या पाचशे घरांतील पुढच्या पिढ्यांपैकी कोणी गिरण्यांत आले असेल, तर त्यांच्या पणजोबांच्या नावापुढील ‘दंगलखोर’ या शब्दामागे गहाण पडलेले शेत आहे.

उच्च न्यायालयापर्यंत पोचलेले आणि कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे निकाल छापले जात. १८७६ पासून ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ची मुंबई मालिका निघू लागली. त्याआधीचे निकाल ‘बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स’मध्ये आहेत. जुन्या निकालांत सरकारपक्षाचे नाव आधी ‘रेजायना’, १८७७ नंतर ‘इम्पेरेट्रिक्स’ किंवा ‘क्वीन-एम्प्रेस’ असे आढळते. १ जानेवारी १८७७ रोजी राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, त्याची ही खूण. वर्ष नसलेला एखादा जुना कागद हाती आला, तर एवढ्या एका शब्दावरून त्याच्या काळाचा अदमास बांधता येतो.

नावांचे कोडे

या शोधातील सर्वांत मोठा अडथळा म्हणजे नाव. ब्रिटनमधील वंशशोधकाला दर दहा वर्षांच्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते उपलब्ध असतात. आपल्याकडे मुंबईची पहिली शिरगणती १८६४ मध्ये झाली आणि शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ होती. हे एकूण आकडे उरले, घरोघरच्या नावांचे तक्ते जपले गेले नाहीत. त्यामुळे १८८१ मध्ये एखाद्या चाळीत कोण राहत होते, हे शिरगणतीवरून सांगता येत नाही.

सरकारी कागदांत आडनाव असेलच असे नाही. ‘रामजी बिन लक्ष्मण’ म्हणजे लक्ष्मणाचा मुलगा रामजी. ‘भागीरथी कोम बाळाजी’ म्हणजे बाळाजीची बायको भागीरथी. पुढे जात, वय, धंदा आणि गाव. आज आपण जे आडनाव लावतो ते पुष्कळदा गावावरून नंतर आलेले असते. शाळेत वा गिरणीत नाव नोंदविताना कारकुनाने विचारले आणि तेच चिकटले, असेही घडले. म्हणून आडनावावरून शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि अंदाजे जन्मवर्ष ही पंचसूत्री आधी तयार करावी.

ही पंचसूत्री मिळविण्याची साधने आपल्याकडेच आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्यांत गाव आणि आडनावानुसार यात्रेकरूंच्या नोंदी असतात. कोणी कोणाचे श्राद्ध केले, सोबत कोण होते, हे त्यांतून कळते. गावच्या जमिनीचे जुने उतारे, वारसाच्या नोंदी, गावकीच्या देवस्थानाचे मानपान हेही उपयोगी पडते. एखाद्या वर्षी जमीन अचानक भावाच्या नावे झाली आणि मूळ मालकाच्या मृत्यूची नोंद नाही, असे दिसले तर तेथे थांबून विचार करावा.

इंग्रजी कागदांतील स्पेलिंग हा आणखी एक चकवा आहे. सखाराम हे नाव ‘एस’नंतर ‘यू’ आणि दोन ‘सी’ घालून लिहिले जाई. पांडूच्या शेवटी दोन ‘ओ’ येत. ठाण्याचे ‘टॅना’ होई. एकच माणूस अटकेच्या कागदात एका स्पेलिंगने आणि तुरुंगाच्या नोंदीत दुसऱ्याच स्पेलिंगने भेटतो. शोधताना नाव मोठ्याने उच्चारून पाहावे आणि एखाद्या इंग्रज कारकुनाच्या कानाने ते ऐकावे, हा उत्तम उपाय.

कागद कोठे आहेत?

मुंबईकराच्या दृष्टीने सुदैवाची गोष्ट अशी की, या इलाख्याचे मुख्य दप्तर त्याच्या शहरातच आहे. काळा घोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागाराचा वारसा १८२१ मध्ये स्थापन झालेल्या दप्तरखान्यापर्यंत जातो. येथील न्याय खात्याच्या बाडांत जिल्ह्यांकडून आलेले अहवाल, तुरुंगांविषयीचा पत्रव्यवहार आणि कैद्यांनी वा त्यांच्या नातलगांनी गव्हर्नरकडे केलेले दयेचे अर्ज आढळतात. हे अर्ज विशेष मोलाचे. न्यायालयीन कागदात आरोपी ‘तो’ असतो. अर्जात, अर्जनवीसाच्या लेखणीतून का होईना, तो ‘मी’ म्हणून बोलतो. घरी म्हातारी आई आहे, मुले लहान आहेत, साक्षीदाराशी जमिनीचे जुने वैर आहे, हे त्यात येते. रीतसर अर्ज करून सामान्य नागरिकालाही येथे अभ्यास करता येतो. मात्र अनुक्रमणिका संयमाने पाहण्याची तयारी हवी. एका बैठकीत पूर्वज सापडेल ही अपेक्षा व्यर्थ होय.

या कागदांच्या प्रती लंडनलाही जात आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. अंदमानासंबंधीच्या केंद्र सरकारच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर त्यांची सूची घरबसल्या चाळता येते.

वृत्तपत्रांचे साहाय्य याहून मोठे. ‘बॉम्बे टाइम्स’ १८३८ मध्ये निघाले आणि १८६१ मध्ये त्याचे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झाले. ‘बॉम्बे गॅझेट’ही पोलीस न्यायालयांची वृत्ते नियमित छापत असे. या दोन्हींचे जुने अंक आता संगणकावर शोधता येतात. मराठीत ‘प्रभाकर’, ‘ज्ञानोदय’, ‘इंदुप्रकाश’, १८८१ नंतर ‘केसरी’ ही पत्रे आहेत. एशियाटिक सोसायटीने आपल्या संग्रहातील बराच भाग संगणकीय स्वरूपात खुला केला आहे आणि १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा दादर पूर्वेकडील संदर्भ विभाग जुन्या नियतकालिकांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. एकाच घटनेचे इंग्रजी आणि मराठी वृत्त शेजारी ठेवून वाचावे. इंग्रजी पत्राला जो ‘बदमाश’ वाटतो, तो मराठी पत्राला कधी कधी ‘गरीब बिचारा’ वाटतो.

डोंगरी, भायखळा, ठाणे

‘आमचे पणजोबा आर्थर रोडला होते’, असे कोणी सांगितले तर सावध व्हावे. आर्थर रोड कारागृह १९२६ मध्ये सुरू झाले. व्हिक्टोरियाकालीन मुंबईचे तुरुंग म्हणजे उमरखाडीचा, अर्थात डोंगरीचा तुरुंग, आणि भायखळ्याचा तुरुंग. डोंगरीची वास्तू एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभीची. पुढे तेथे मुलांचे निरीक्षणगृह आले. लांब मुदतीचे कैदी ठाण्याच्या किल्ल्यातील तुरुंगात अथवा १८७१ मध्ये उभ्या राहिलेल्या येरवड्यास पाठविले जात.

डोंगरीच्या तुरुंगाचे आतले चित्र मराठीत उपलब्ध आहे, ते एका नामवंत कैद्यामुळे. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका करताना ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी जी पत्रे आधारभूत मानली ती बनावट निघाली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात १७ जुलै १८८२ रोजी टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. २६ ऑक्टोबरला ते सुटले. आगरकरांनी या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिले. आपला पूर्वज त्या काळात त्याच तुरुंगात असेल, तर त्याची कोठडी, त्याचे अन्न आणि त्याचा दिनक्रम समजून घेण्यास याहून जवळचे साधन नाही. मात्र एक भान ठेवावे. आगरकर साध्या कैदेत होते, सुशिक्षित होते आणि बाहेर त्यांच्या स्वागताला लोक जमले होते. सक्तमजुरीच्या कैद्याच्या वाट्याला दळण, खडी आणि काथ्या आला आणि सुटल्यावर त्याला न्यायला बहुधा कोणी आले नाही.

तुरुंगाच्या नोंदीत कैद्याची उंची, वर्ण, अंगावरील तीळ, व्रण, गोंदण यांची टिपणे असत. एरवी ज्या माणसाचे छायाचित्र निघण्याची शक्यताच नव्हती, त्याचे हे एकमेव शब्दचित्र. डाव्या भुवईवर व्रण, उजव्या हातावर मारुतीचे गोंदण, एवढे वाचले तरी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा माणूस क्षणभर समोर उभा राहतो. कागद पोलिसांच्या सोयीसाठी केलेला होता, पण तो वंशजांच्या कामी आला.

काळ्या पाण्यावर गेलेले

ज्याला जन्मठेप वा काळे पाणी झाले त्याचा माग समुद्रापार जातो. आपण काळे पाणी म्हटले की अंदमान समजतो, परंतु अंदमानची वसाहत मार्च १८५८ मध्ये सुरू झाली. त्याआधी हिंदुस्थानातील कैदी इतरत्र जात. १८१५ पासून पुढील वीस-बावीस वर्षांत बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला गेले. रस्ते आणि पूल बांधण्याचे काम त्यांच्याकडे होते. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन तेथे उतरला तेव्हा त्याने या हिंदी कैद्यांना पाहिले आणि त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांची दखल घेतली. मुंबईचे कैदी सिंगापूर, पिनांग आणि मलाक्का येथेही जात. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल हिंदी कैद्यांच्या श्रमातून उभे राहिले आहे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. मॉरिशसमधील आजचा मराठी समाज मुख्यतः १८३४ नंतर करारावर गेलेल्या मजुरांचा वंशज आहे. गिरमिटिया आणि कैदी यांची गल्लत करू नये.

इलाख्यातील काळ्या पाण्याच्या कैद्यांचा मार्ग ठाण्यावरून जाई. १९११ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांचा प्रवासही डोंगरी, भायखळा, ठाणे आणि मग अंदमान असाच झाला. अंदमानात काही वर्षे काढलेल्या आणि वर्तणूक चांगली असलेल्या कैद्याला स्वतः कमावून राहण्याची, लग्न करण्याची परवानगी मिळे. अनेक कैद्यांनी तेथेच संसार थाटले. त्यांच्या वंशजांचा समाज आज तेथे ‘लोकल बॉर्न’ म्हणून ओळखला जातो. निरनिराळ्या प्रांतांतील, जातींतील माणसे एकत्र आल्याने त्यांची भाषा हिंदुस्थानी झाली. गावाकडे ज्याचे श्राद्ध घातले गेले, तो तेथे नातवंडे खेळवीत असण्याचा संभव असतो. १९४२ ते १९४५ या जपानी ताब्याच्या काळात तेथील बरेच कागद नष्ट झाले. त्यामुळे दिल्लीतील फायलींचे महत्त्व वाढते.

या प्रवासात स्त्रियाही होत्या आणि त्यांच्याविषयी कुलवृत्तांत पूर्णपणे मुके आहेत. महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यातील काशीबाई नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेची हकिगत लिहून ठेवली आहे. एका लबाड माणसाकडून तिला दिवस गेले, लोकलज्जेस्तव तिने मूल मारले आणि तिला जन्मठेपेवर अंदमानला पाठविण्यात आले. फुले दांपत्याच्या बालहत्या प्रतिबंधक गृहामागे ही घटना उभी आहे. १८८१ मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेला अशाच आरोपावरून प्रथम फाशीची शिक्षा झाली, ती पुढे सौम्य करण्यात आली. त्यावर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जो चिखल उडाला त्याला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. आपल्या घराण्याच्या वंशवृक्षात एखादी आत्या वा चुलत पणजी अकस्मात नाहीशी झाली असेल, तर तिच्याबरोबर नाहीसा न झालेला, मानाने नांदलेला एक पुरुषही त्याच वृक्षावर कोठे तरी असू शकतो, हे लक्षात ठेवावे.

कागद कोण बोलतो आहे?

कागद सापडणे हे अर्धे काम. दुसरे अर्धे म्हणजे त्यावर किती विश्वास ठेवावा हे ठरविणे. पोलिसांपुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ ने ठरविले. असा निर्बंध घालावा लागला, यातच पोलीस चौकीत काय घडत असे याची कल्पना येते. दंगलीच्या वेळी तर अटकेला अर्थच उरत नसे. ११ ऑगस्ट १८९३ रोजी मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा उसळला आणि तो गिरणगावापर्यंत पसरला. लष्कर बोलवावे लागले. अशा धरपकडीत दगड मारणारा, दगड खाणारा आणि पाळी संपवून घरी चाललेला, तिघेही एकाच गाडीत भरले जातात. अटक म्हणजे अपराध नव्हे आणि त्या काळात शिक्षा म्हणजेही नेहमी अपराध नव्हे.

याउलट टोकही टाळले पाहिजे. सरकार परकीय होते, म्हणून प्रत्येक कैदी क्रांतिकारक होता असे नाही. १८७९ मध्ये पकडल्या गेलेल्या वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप होता, तसाच दरोड्याचाही होता. त्यांचे ध्येय त्यांच्या लिखाणातून आणि कृतीतून सिद्ध होते. आपल्या पणजोबांनी शेजाऱ्याच्या घरी चोरी केली असेल आणि तो शेजारीही त्यांच्यासारखाच गरीब असेल, तर त्या चोरीला देशभक्तीचा टिळा लावण्यात अर्थ नाही. ज्याचे भांडे गेले त्याचेही वंशज कोठे तरी आहेत.

सर्वांत जपून वाचावयाचा रकाना म्हणजे जातीचा. इंग्रज अमलात काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यात आले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा सर्व ब्रिटिश मुलखावर पसरली. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडण्यास परवाना, तारेच्या कुंपणातली वसाहत, हे पिढ्यान्‌पिढ्या चालले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा अशा घरात जन्मणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला आतून कळले. या समाजातील वंशजाला पूर्वजाचे नाव दप्तरात मिळेल, परंतु त्यापुढील शेरा हा माणसाविषयीचा नसून कायद्याविषयीचा आहे. हा प्रश्न जुना झालेला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. एकोणिसाव्या शतकात आखलेला तो रकाना एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकापर्यंत भरला जात होता.

घरी सांगावे की न सांगावे?

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटनने सुमारे एक लाख साठ हजार कैदी तेथे पाठविले. पुढील शंभर वर्षे त्यांच्या वंशजांनी तो कलंक लपविला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारे फिरले आणि कैदी पूर्वज सापडणे ही मिरविण्याची गोष्ट झाली. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील १६७४ ते १९१३ या काळातील खटल्यांची वृत्ते आज कोणालाही संगणकावर मोफत वाचता येतात.

आपली परिस्थिती तशी सरळ नाही. आपल्याकडे कलंक एकट्या माणसाला लागत नाही, तो घराण्याला लागतो, सोयरिकीच्या बोलण्यात निघतो, भावकीच्या भांडणात वापरला जातो. जमिनीचा वाद चालू असेल तर एखादा जुना निकाल आगीत तेल ओतू शकतो. म्हणून शोध घेणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. हयात वडीलधाऱ्यांना आधी विश्वासात घ्यावे. त्यांना बहुधा अधिक माहिती असते आणि विचारणारा निंदा करण्यासाठी विचारीत नाही हे पटले, तर ते बोलतात. सापडलेली गोष्ट फोनवरील कौटुंबिक समूहात परस्पर टाकू नये. गुन्ह्यात दुसऱ्या घराण्याचे नाव येत असेल तर ते आपल्यापुरते ठेवावे. आणि जे लिहून ठेवाल त्यात कागदात असलेले, ऐकलेले आणि आपण तर्क केलेले, हे तिन्ही वेगवेगळे दाखवावे.

मग एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ज्यांना इनामे मिळाली त्यांचे कागद त्यांच्या घराण्यांनी जपले. ज्यांना काहीच मिळाले नाही, अशा असंख्य माणसांचे नाव सरकारी दप्तरात एकदाच आले, ते न्यायालयात उभे राहिल्यावर. तो मुंबईस कशासाठी आला, कोठे राहत होता, काय काम करीत होता, महिना किती मिळवीत होता, कोणाशी त्याचे पटत नव्हते, हे खटल्याच्या निमित्ताने लिहिले गेले. त्याचा शेजारी अधिक सज्जन असेल, पण तो सज्जन होता म्हणूनच त्याच्याविषयी एक ओळही उरली नाही.

कुलवृत्तांताची नवी आवृत्ती कोणी काढणार असेल, तर ‘परागंदा’ या शब्दापुढे अर्धे पान मोकळे सोडावे. ते भरण्यासाठी लागणारा कागद कदाचित काळ्या घोड्याच्या एखाद्या बाडात असेल. त्या पानावर पूर्वजाचे नाव, गाव, कलम आणि वर्ष लिहावे. तो घरी परतला असेल तर तसे लिहावे आणि नसेल तर कोठपर्यंत पोचला ते लिहावे. शिक्षा त्याने भोगली आहे. तिच्यात आपल्या विस्मरणाची भर घालण्याचे कारण नाही.